दुपारचं व्होल्टेज

मला आज व्होल्टेज या विषयावर बोलायला सांगितलं आहे. आमच्या कर्जत-खालापूर भागात हा शब्द आजवर एकाच अर्थाने वापरला गेला. ‘व्होल्टेज आहे का?’ म्हणजे ‘कमी तर नाही ना?’ पंप पाणी उचलत नाही, ट्यूब लुकलुकते, पंख्याची पाती मोजता येतात, सगळ्याचं कारण एकच, व्होल्टेज नाही. मी तीस वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्री हा ट्रेड शिकवला. तिथेही मुलांचे प्रश्न कमी व्होल्टेजचेच असायचे. त्यामुळे यंदा मार्चमध्ये एका मित्राने भर दुपारी फोन करून ‘अरे, व्होल्टेज जास्त झालंय म्हणून माझी सोलरची वीज बंद पडते’ असं सांगितलं, तेव्हा मी त्याला आधी सावलीत बस, पाणी पी, असा सल्ला दिला. तो बरोबर होता. माझंच शिक्षण जुनं झालं होतं.

हा मुलूख विजेला नवखा नाही. लोणावळ्याच्या माथ्यावर वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांत साठवलेलं पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खाली येतं आणि खोपोलीच्या वीजगृहात टर्बाइन फिरवतं. टाटांचं हे वीजगृह १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. एक खालापूर तालुक्यात, दुसरं कर्जत तालुक्यात. वीज मात्र गेली मुंबईच्या गिरण्यांना. आमच्या डोक्यावरून तारा गेल्या आणि तारांखाली रॉकेलचे दिवे जळत राहिले. आमच्या गावात वीज आली तेव्हा मी चौथीत होतो, म्हणजे खोपोलीचं वीजगृह पन्नाशीला आलं होतं.

लहानपणी याचा राग यायचा. पुढे विषय शिकल्यावर थोडा निवळला. मुंबईकडे जाणारी ती वीज सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने जात होती. वीज लांब न्यायची तर दाब जास्त आणि प्रवाह कमी ठेवावा लागतो, नाहीतर तारा तापवण्यातच ती खर्च होते. एक लाख व्होल्टच्या तारेला वाटेतल्या गावासाठी फाटा फोडता येत नाही. त्यासाठी उपकेंद्र लागतं, मग ११ हजार व्होल्टची लाइन, मग गावातली डीपी, मग खांब. हे सगळं आमच्यापर्यंत यायला वीज मंडळ यावं लागलं.

आता डीपीपाशी थोडं थांबू. तिच्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची पाटी कधी वाचली आहेत? तिथे ११००० आणि ४३३ असे दोन आकडे असतात. ४३३ हा दोन फेजमधला आकडा. एका फेजच्या घरासाठी त्याला १.७३ ने भागायचं, उत्तर येतं २५०. म्हणजे भार नसलेली डीपी तोंडाशीच २५० व्होल्ट देते. घरात तर हवेत २३०, आणि त्याच्या वर-खाली सहा टक्के चालतात, म्हणजे २१६ ते २४४. मग सुरुवातीलाच जास्त का द्यायचं?

आमच्याकडे याचं उत्तर शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारं पाणी राजनाला कालव्याने कर्जतच्या शेतांना मिळतं, त्यावर उन्हाळी भात होतो. कालव्याच्या शेपटाशी असलेल्या शेतात पाणी पोचायचं असेल तर तोंडाशी पातळी उंच ठेवावी लागते. विजेच्या लाइनचं तसंच आहे. दर खांबागणिक दाब थोडा थोडा उतरतो. शेवटच्या घरात काही उरावं म्हणून पहिल्या घराला जास्त द्यायचं, ही वीज वितरणाची जुनी रीत. तेवढ्यानेही भागलं नाही तर ट्रान्सफॉर्मरला टॅप असतो. एक पायरी सरकवली की साधारण अडीच टक्के, म्हणजे घरात सहाएक व्होल्ट वाढतात. पण हा टॅप डीपी बंद करूनच बदलावा लागतो. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं करता येत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे सगळी भानगड याच टॅपवर येणार आहे.

माझा मित्र रेल्वेतून निवृत्त झाला आणि गावी येऊन राहिला. त्याचं घर लाइनच्या शेवटाला, डीपीपासून अर्धा किलोमीटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तीन किलोवॉटच्या सोलरला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. त्याने ते घेतलं, उरलेल्या रकमेसाठी बँकेचं कर्ज काढलं आणि छपरावर पॅनेलं बसवली. हिशेब सोपा होता. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज लाइनवर जाणार, मीटर ती मोजणार, रात्री वापरलेल्या युनिटमधून ती वजा होणार. जो पैसा बिलात जात होता त्यातून कर्जाचा हप्ता जाणार.

हिवाळाभर ठीक चाललं. मार्चमध्ये ऊन तापलं आणि ऐन साडेअकरा-बाराला, जेव्हा पॅनेलांनी सगळ्यात जास्त वीज द्यायची, तेव्हाच इन्व्हर्टर बंद पडू लागला. थोड्या वेळाने आपोआप सुरू होई, पुन्हा बंद. मोबाइलवर त्याचा आलेख दिसतो. एरवी तो टेकडीसारखा गोल असतो. याचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता.

मी मीटर घेऊन गेलो. डीपीच्या शेजारच्या घरात दुपारी २४३ व्होल्ट भरले. मित्राच्या घरी इन्व्हर्टर बंद असताना तेवढेच. इन्व्हर्टर सुरू झाला, आकडा चढत चढत २५५ झाला आणि खट्! बंद. २०१३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या नियमांत असं आहे की व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या ११० टक्क्यांवर गेलं, की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत लाइनपासून अलग व्हायचं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. इन्व्हर्टर नादुरुस्त नव्हता, तो नियमाने वागत होता.

पुन्हा कालव्याकडे या. समजा, शेपटाशी असलेल्या शेतकऱ्याच्या शेतात झरा फुटला आणि त्याला ते पाणी उलट कालव्यात सोडायचं आहे. त्याच्या शेतातली पातळी कालव्यापेक्षा वर चढल्याशिवाय पाणी तिकडे जाईल का? सोलरचं हेच होतं. वीज घरातून डीपीकडे ढकलायची तर घरातलं व्होल्टेज डीपीपेक्षा जास्त व्हावं लागतं. किती जास्त, हे तार ठरवते. अर्धा किलोमीटरच्या साध्या ॲल्युमिनियमच्या तारेत, जाणारी-येणारी मिळून, एक ओहमच्या आसपास अवरोध असतो. तीन किलोवॉट म्हणजे तेरा अँपिअर. तेरा गुणिले एक, तेरा व्होल्ट. २४३ मध्ये तेरा मिळवा, झाले २५६. हे गणित मी स्वतः फळ्यावर हजार वेळा केलं असेल, पण दरवेळी वजाबाकीचं. बेरजेचं कधी केलं नव्हतं.

यापुढचं सांगायला मला थोडं अवघड वाटतं. मित्राचा हप्ता सुरू होता आणि दुपारची वीज वाया जात होती. त्याने विचारलं, ‘तुला यातलं कळतं, ती २५३ ची मर्यादा वाढवता येते ना?’ येते. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये पासवर्ड घालून आत गेलं की आकडा बदलता येतो. असं करू नये हेही मला ठाऊक होतं. तरी मैत्रीखातर, आणि खरं सांगायचं तर आपल्याला जमतं हे दाखवायच्या हौसेपोटी, मी तो २६५ केला. दुसऱ्या दिवशी आलेख टेकडीसारखा गोल आला. मित्राने चहा पाजला.

पंधरा दिवसांनी त्याच्या शेजारच्या वहिनींनी मला हाक मारली. त्या शिवणकाम करतात, फॉल-पिको, ब्लाउज. मशीनवरचे दोन एलईडी दिवे पंधरवड्यात गेले होते. फ्रीजचा स्टॅबिलायझर रोज दुपारी कट घेत होता आणि दोनदा दूध नासलं होतं. दिवे आणले ते दुकानदाराने बदलून दिले नाहीत. मी त्यांच्या प्लगमध्ये मीटर लावला, २६१. त्या आकड्याकडे पाहत होत्या. मी काय झालं ते सांगितलं, सेटिंग मीच बदललं हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमच्याकडे वीज जास्त झाली तर आमच्या घरात कशाला पाठवता?’

मला उत्तर सुचलं नाही. घरात सोलर नाही, कर्ज नाही, अनुदान नाही, आणि नुकसान मात्र त्यांचं. मी संध्याकाळी आकडा पुन्हा २५३ वर आणला आणि दिव्यांचे पैसे दिले. त्यांनी ते नको म्हणत घेतले. ही मर्यादा मित्राच्या इन्व्हर्टरच्या रक्षणासाठी आहे असं मी समजत होतो. ती शेजाऱ्याच्या फ्रीजसाठी आहे हे मला सत्तरीकडे झुकल्यावर कळलं. माझी कानउघाडणी मी करून घेतली आहे, पण जो कोणी सोलर बसवणारा गिऱ्हाइकाला ‘साहेब, सेटिंग वाढवून देतो’ म्हणत असेल, त्याने हे ऐकावं.

मग मी वही घातली. दोन आठवडे रोज तीनदा, सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि रात्री आठला, तीन ठिकाणी व्होल्टेज टिपलं. त्यातून एक गोष्ट दिसली, जी फक्त आमच्याच भागात दिसावी. आमच्याकडे फार्महाउस फार. मुंबईची माणसं शनिवार-रविवारी येतात. डीपी आणि मित्राचं घर यांच्या मधोमध असं एक फार्महाउस आहे, त्याच्या छपरावर दहा किलोवॉटची पॅनेलं. सोमवार ते शुक्रवार तिथे एक माळी आणि एक कुत्रा राहतो. पॅनेलं भर उन्हात वीज बनवतात आणि ती वापरायला घरात कुणी नसतं, ती सगळी लाइनवर येते. मंगळवार, बुधवारी दुपारी व्होल्टेज सगळ्यात वर. शनिवारी रात्री मालक येतात, चार एसी, पोहण्याच्या तलावाचा पंप, गिझर सुरू होतात, आणि तेव्हा व्होल्टेज सगळ्यात खाली. रविवारी रात्री आठला वहिनींकडे २०८ भरले. त्याच प्लगमध्ये बुधवारी दुपारी २५२. वाटलं, मधल्या दिवसांचं थोडं ऊन रविवार रात्रीसाठी राखून ठेवता आलं असतं तर! बॅटरीने ते करता येतं, पण तिची किंमत ऐकून मित्राने विषय बदलला.

वही घेऊन आम्ही वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात गेलो. मागणी सरळ होती, टॅप एक पायरी खाली घ्या. सहा व्होल्ट उतरले की दुपारी इन्व्हर्टर चालेल. तिथल्या तरुण अभियंत्याने वही लक्ष देऊन वाचली आणि एक जुनी फाइल काढली. या डीपीची दुसरी लाइन उलट दिशेला, टेकडीच्या पायथ्याच्या ठाकरवाडीला जाते. ती आमच्या लाइनहूनही लांब. काही वर्षांपूर्वी वाडीने अर्ज केला होता की संध्याकाळी दिवे मिणमिणतात, नळपाणी योजनेचा पंप उचलत नाही. म्हणून टॅप वर घेतला होता. तो खाली आणला तर वाडी पुन्हा अंधुक.

मी वाडीत गेलो. रात्री आठला शेवटच्या घरात २०४ होते. त्यातून सहा काढले तर दोनशेच्याही खाली. एका कौलारू घरावरही पॅनेल नाही. ज्या घरातल्या म्हाताऱ्यांशी बोललो त्यांनी मला चटई घातली, मीटर हातात घेऊन पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘सर, हे कमी करायला आलात की जास्त?’ टॅप एकच आणि मागण्या दोन. दुपारी तो खाली हवा, संध्याकाळी वर. आम्ही आमचा अर्ज मागे घेतला. मित्राला ते सहज पटलं असं नाही, दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याचंही खोटं नव्हतं. सरकारने सांगितलं म्हणून त्याने पॅनेलं बसवली होती.

जगात दुसरीकडे काय करतात ते मी या निमित्ताने वाचलं. ऑस्ट्रेलियात जवळपास दर तीन घरांमागे एका घरावर सोलर आहे, तेव्हा हे दुखणं त्यांना आपल्या आधी झालं. २०२१ च्या अखेरीपासून तिथल्या नव्या इन्व्हर्टरना दोन गोष्टी सक्तीने कराव्या लागतात. व्होल्टेज चढू लागलं की इन्व्हर्टर आपल्या प्रवाहाची चाल थोडी मागे-पुढे करून ते खाली ओढायचा प्रयत्न करतो. तरीही २५३ च्या पुढे गेलं, तर खट्कन बंद न पडता वीज हळूहळू कमी करत नेतो. म्हणजे आपल्या करवतीऐवजी तिथे डोक्यावर सपाट झालेली टेकडी दिसते. हे आपल्याकडेही व्हावं. अर्थात त्यातही लाइनच्या शेवटचं घर आधी आणि जास्त कमी होतं, डीपीशेजारचं घर पूर्ण देत राहतं. सारख्याच पैशात घेतलेली पॅनेलं, आणि घर कुठे आहे त्यावर कमाई. याचं उत्तर ऑस्ट्रेलियातही अजून पुरतं सापडलेलं नाही.

आपल्या राज्यात एका डीपीवर किती सोलर जोडायचं याला मर्यादा आहे. वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या नियमांत ती ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या ४० टक्के होती, २०१९ च्या नियमांत ७० टक्के झाली. सोलर वाढावं म्हणून हे केलं आणि ते योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की हा नियम ट्रान्सफॉर्मरचं पोट मोजतो, तारेची लांबी मोजत नाही. शहरात एका इमारतीखालच्या डीपीला ७० टक्के सहज पचतील. आमच्यासारख्या विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांत, अर्धा-अर्धा किलोमीटर तार ओढलेली असताना, वीस टक्क्यांतच शेवटच्या घराचा इन्व्हर्टर हात टेकतो. परवानगी देताना अर्जावर एकच रकाना वाढवा, घर डीपीपासून किती खांब लांब आहे. बाकी गणित दहावीच्या मुलालाही येईल.

मग टॅपला हात न लावता काय झालं? सगळ्यात फायद्याची गोष्ट फुकटातली निघाली. अभियंत्याने लाइनमन पाठवला, त्याने खांबाखांबावर पाहिलं. आमच्या लाइनवर एका फेजच्या तीन घरांवर सोलर आहे, आणि तिन्ही घरं एकाच फेजवर! जोडणी देताना शिडीवरून जी तार हाताला लागते तिच्यावर देतात, ही सवय जुनी. मी शिकवलेल्या मुलांनाही ती होती, तेव्हा मी काय बोलणार. तीन घरं तीन फेजवर वाटली. एका खांबावरचा सांधा गंजून काळा पडला होता, तो कापून नवा केला. या दोन कामांना एक सकाळ लागली आणि दुपारचे पाच व्होल्ट उतरले.

फार्महाउसचे मालक मला वाटले त्यापेक्षा बरे निघाले. मी त्यांना वहीतला बुधवार आणि रविवार दाखवला. त्यांच्या तलावाचा पंप रात्री चालायचा, विहिरीचा पहाटे. दोन्हींना टायमर लावून ते अकरा ते तीनमध्ये आणले. त्यांना तोशीस काही नाही, उलट पॅनेलांची वीज जागच्या जागी वापरली जाऊ लागली. मित्रानेही आपला पंप आणि वॉशिंग मशीन दुपारी चालवायला सुरुवात केली. आमच्या पिढीला वीज रात्री भार कमी झाल्यावर वापरायची शिकवण. दुपारी बाराला गिझर लावणं त्याच्या बायकोला अजून चैन वाटते.

जाड केबल टाकायचा आणि वाडीसाठी वेगळी डीपी बसवायचा प्रस्ताव अभियंत्याने वर पाठवला आहे. वाडीची डीपी झाली की मग इकडचा टॅप खाली घेता येईल. तो मंजूर केव्हा होईल ते मी सांगू शकत नाही. वाडीत संध्याकाळी अजून २०४ च आहेत, ही गोष्ट मी मुद्दाम इथे सांगतो आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मित्राचा इन्व्हर्टर दिवसातून एखाद्या वेळी बंद पडत होता, आधी दहा-बारा वेळा पडायचा. आता पाऊस लागला आहे. आमच्याकडे जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा जास्त व्होल्टेजचा प्रश्न तूर्त मिटला आहे. खरी परीक्षा दसऱ्यानंतर, आकाश निवळल्यावर. वही मी जपून ठेवली आहे. वहिनींनीही प्लगमध्ये बसणारा, आकडा दाखवणारा छोटा मीटर आणून फ्रीजशेजारी लावला आहे. मधे एक दिवस ऊन पडलं होतं आणि मी त्यांच्या दारावरून चाललो होतो. मशीन थांबवून त्यांनी खिडकीतून सांगितलं, ‘भाऊजी, दोनशे शेहेचाळीस!’